चूक शोधणारा प्रोग्रॅम

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. वाशीच्या एका नव्याकोऱ्या इमारतीत मी एकटा राहायचो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या छोट्याशा कंपनीत एकुलता एक प्रोग्रॅमर होतो. शेजाऱ्यांची ठाम समजूत होती की मी टीव्ही दुरुस्त करतो. दोन अँटेना मी खरोखर नीट करून दिले. नाही कशाला म्हणायचं? तेवढंच कुणीतरी दार वाजवायचं.

खरं काम वेगळंच होतं. कळंबोलीच्या एका लोखंडाच्या गोदामात छताखाली एकाच रुळावर दोन क्रेन होत्या. प्रत्येकीला स्वतंत्र कॉम्प्युटर, आणि दोन्ही एकाच वेळी चालणार. त्यांचे प्रोग्रॅम मी लिहिले. पण दोघी एकाच वेळी चालल्या की कोण कधी पुढे सरकेल याच्या हजारो तऱ्हा होतात. हातानं किती तपासणार? एका परदेशी शोधनिबंधाची पुसट झेरॉक्स वाचून मी तपासणारा तिसराच प्रोग्रॅम लिहिला. त्याला एक विधान द्यायचं. तो साऱ्या तऱ्हा चालून बघायचा आणि विधान कुठे मोडलं तर तिथवरची वाट पायरीपायरीनं छापायचा. विधानात काळाचे दोन शब्द चालत: ‘नेहमी’ आणि ‘कधीतरी’.

मी लिहिलं, दोन क्रेन नेहमी एकमेकींपासून दूर असतील. तीन दुपारी यंत्र घरघरत राहिलं. चूक नाही! मी उठून रिकाम्या खोलीला कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या कोण वाजवणार? कंपनीच्या साहेबांना सिद्धता दाखवायला गेलो, तर ते म्हणाले, “चालतं का, ते सांग.” मला बढती नको होती हो. ही करामत एका माणसाला, फक्त एका, समजावी, एवढंच हवं होतं.

कळंबोलीत बटण दाबलं. दोन्ही क्रेन वीतभर सरकल्या आणि थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. त्यातली एक क्रेन वर्षानुवर्षं हातानं चालवलेले, करावे गावचे एक काका खाली उभे होते. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

“सायेब, आपटत नाय, ह्या खरा हाय. पन हालत बी नाय!”

“काका, आपटू नये एवढंच तपासलं होतं.”

“बंद गाडी बी कवा आपटत नाय. तिला कामपूटर कशाला?”

गोदामाच्या मॅनेजरनं शनिवारपर्यंतची मुदत दिली. नाही चाललं, तर माझं सगळं काढून जुनी हँडलं परत.

परत येऊन मी दुसरा शब्द वापरला: जी क्रेन वाट मागेल, तिला ती कधीतरी मिळेल. पाच मिनिटांत प्रिंटर खडखडला! कडेला भोकं असलेल्या कागदावर नऊ पायऱ्यांची देखणी चूक. ती एकट्यानं वाचवेना. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन थेट कळंबोली गाठली.

पत्र्यांच्या थप्पीवर आम्ही तो पसरला. एक क्रेन म्हणजे माझी चष्म्याची डबी, दुसरी म्हणजे काकांचं बिडीबंडल. मी एकेक पायरी वाचायचो, ते त्या क्रेन सरकवायचे. सहाव्या पायरीवर त्यांचं बोट थांबलं.

“हितं! ही बोलते तू सरक, ती बोलते तू सरक. दोगी बी बसल्या रुसून.”

“मग काय करू?”

“जी आदी मागल तिला वाट द्याची. दुसरीनं थांबाचा. यवढा तुमच्या यंत्राला कलत नाय?”

त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी चष्म्याची डबी उचलली.

शुक्रवारी सुधारणा केली. तपासणारा प्रोग्रॅम दिवसभर चालला. ‘नेहमी’ही टिकलं, ‘कधीतरी’ही टिकलं. शनिवारी क्रेन शहाण्या जावांसारख्या आळीपाळीनं हलल्या. मॅनेजरनं सही केली आणि तो जेवायला गेला.

“आज कागद नाय आनला?” काकांनी विचारलं.

“चूक नसली की यंत्र काही छापत नाही, काका.”

“म्हंजे आता तुमी येनार नाय.”

“काम संपलं ना.”

“मंग येखादी चूक ठेवाची व्हती, सायेब.”

शुक्रवारी मलाही तेच सुचलं होतं. पण वाशीची एसटी कुठे थांबते, एवढंच त्यांना विचारलं. ते मला चांगलं ठाऊक होतं.