साकवाला नळाचं पाणी

उमेळे गावात यमुनाकाकूंच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. जे असेल ते तोंडावर, असा त्यांचा खाक्या. टेम्पोवाला असो की व्याही, काकूंनी कुणाची भीड ठेवली नाही. पण याच बाईंनी नवऱ्यापासून, नरहरीकाकांपासून, एक गोष्ट वर्षानुवर्षं लपवली होती आणि ती बाहेर यायला वाडीतला साकव उखडावा लागला.

साकव म्हणजे रस्ता आणि त्यांची केळी-नारळांची वाडी यांच्यामधल्या ओहोळावरचा काँक्रीटचा छोटा पूल, नरहरीकाकांच्या वडिलांनी, अण्णांनी बांधलेला. त्याचा वरचा थर पार निघाला होता, खड्ड्यांतून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. टेम्पो आत यायचा बंद झाला. दोनदा केलेली डागडुजी पावसाळ्यात वाहून गेली होती. विरारला फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा नीलेश म्हणाला, "बाबा, यंदाही टिकला नाही तर वाडी विकून टाकू." काका हो म्हणून बसले आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

या खेपेला क्लेमेंट मिस्त्रीनं हयगय केली नाही. हातोडीनं ठोकून जिथे जिथे पोकळ आवाज आला, तिथलं सगळं फोडून काढलं, सळ्या घासून लख्ख केल्या. काकू खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या होत्या. सिमेंटचा माल कालवायची वेळ आली, तसा काकांनी ऐटीत विहिरीचा पंप सुरू केला.

"आमच्या अण्णांच्या विहिरीचं पाणी आहे, क्लेमेंट. दोन्ही वेळा हेच दिलं. अख्ख्या उमेळ्यात असं गोड पाणी मिळायचं नाही."

दोन्ही वेळा हेच पाणी वापरलं, हे काकूंना आजच कळलं. मागच्या दोन्ही कामांच्या वेळी त्या नीलेशकडे होत्या. विहीर तर कधीचीच खारट झाली होती. डाळ शिजेना, चहा फाटू लागला, तेव्हापासून त्या माठ गुपचूप नळावर भरत होत्या. काका घोटाघोटाला अण्णांचं नाव घ्यायचे आणि काकू मान डोलवायच्या. विहिरीचं पाणी फक्त झाडांना जायचं.

"पंप बंद करा," काकू उठून म्हणाल्या. "ते पाणी खारट आहे, सळ्या पुन्हा गंजतील."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते. तुम्ही इतकी वर्षं पिताय ते नळाचं आहे."

काकांनी पाइपाखाली ओंजळ धरली, तोंडात पाणी घेतलं. थुंकले नाहीत. चारचौघांत अण्णांचं पाणी थुंकायचं कसं? त्यांनी ते गिळलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. काकूंना भडभडून आलं, पण त्या मागे हटल्या नाहीत. आज गप्प बसल्या असत्या तर साकव गेला असता, मागोमाग वाडी, आणि वाडीशिवाय हा माणूस जगला नसता.

काकांनी पंप बंद केला. मग स्वतःच नळाचा पाइप ओढत साकवापर्यंत आणला.

पावसाळा सरला. साकवाचा टवकाही उडाला नाही. केळी न्यायला टेम्पो थेट वाडीत येऊन उभा राहिला आणि नीलेशनं विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. पाण्याबद्दल मात्र काका चकार शब्द बोलले नव्हते. टेम्पो गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी अण्णांची विहीर, अण्णांची विहीर करायचो, तेव्हा हसायचीस ना?"

"सुरुवातीला हसले," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही दुसरा तांब्या मागताय का, एवढंच बघायचे."

"मग आण एक तांब्या," काका म्हणाले. "नळाचाच आण."