धोंडप्पांच्या माडीवरचे कॉम्प्युटर

गेवराईत धोंडप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि वर माडीवर त्यांची सून रुद्राणी मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. हौस सारी सासऱ्याची. औरंगाबादहून एसटीनं येताना त्यांनी मॉनिटर मांडीवर घेतला होता, लेकरासारखा. दुपारी क्लास सुटला की ते वर येऊन दोन्ही यंत्रांवर धुतलेलं धोतर पांघरायचे. "त्यांला बी जरा डोळा लागू दे," म्हणायचे. रुद्राणी हसायची, पण धोतर काढायची नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णव सरत आलं होतं. दोन्ही यंत्रं जुनी, त्यांत विंडोज नव्हतं. काळ्या पडद्यावर डॉस चालायचं. पण साल दोन हजार लावलं की यंत्र बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तारीख कुठल्या कुठं मागं जायची. औरंगाबादच्या इंजिनिअरनं फ्लॉपी पाठवली आणि फोनवर सांगितलं, "चिपमधला बायोस बदलायचा. यंत्र जागं होतं ते त्याच्यामुळं. विंडोज नाही ते बरंच, हे काम डॉसमधूनच होतं. मधे लाइट तेवढी जाऊ देऊ नका."

रुद्राणीनं एका यंत्रावर काम सुरू केलं आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली होती. लाइट आली तेव्हा पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला.

रुद्राणीनं पुन्हा इंजिनिअरला गाठलं. तो म्हणाला, एकच वाट आहे. दुसरं यंत्र डॉसमध्ये चालू करायचं, चालू असतानाच त्याची चिप उपसायची, बिघडलेली तिथं बसवायची आणि फ्लॉपीवरून पुन्हा लिहायचं. चुकलं तर दुसरंही जाईल.

ती जिन्यात बसून राहिली. धोंडप्पा वर आले.

"कावून बसली गं अशी?"

"मामंजी, दोन्ही गेले तर?"

"गेले तर गेले. आपून कापड इकतो की. पन भिऊन झाकून ठिवायला आनले व्हय ते?"

एवढं बोलून ते खाली गेले आणि दुकानाच्या टेम्पोची बॅटरी उपसून खांद्यावर घेऊन आले. धोतरावर ॲसिडचा डाग पडला, तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रुद्राणीनं ती यूपीएसला जोडली. चांगल्या यंत्राच्या चिपखाली आधीच दोरा ओवून ठेवला होता. यंत्र चालू झालं, तिनं श्वास रोखला, दोरा ओढला. चिप अलगद सुटली. बिघडलेली तिथं बसली. पडद्यावर आकडे सरकू लागले. धोंडप्पा डोळे मिटून पुटपुटत होते, "शिवशिव, शिवशिव."

काम झालं. चिपा आपापल्या यंत्रात परत बसवल्या आणि दोन्ही यंत्रं उठली. रुद्राणीनं एक जानेवारी दोन हजार लावून यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. तारीख जागची हलली नाही, शेजारी वारही दिसला.

"शनिवार हाय," धोंडप्पा हळूच म्हणाले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तिला एकदम रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून लुगडं घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते सांगू लागले, "आमच्या सुनेनं जित्या यंत्राचा मेंदू काढून मेलेल्याला लावला." रुद्राणी माडीवरून ओरडायची, "तसं न्हाई मामंजी, उलटं हाय!" पण तोवर बाईनं तोंडात बोट घातलेलं असायचं.