मागच्या बाकावरच्या बाई

तास सुरू झाला की बाई मागच्या बाकावर जाऊन बसत. बाक मुलांचा, गुडघे पोटाशी येत. एकतीस वर्षं शिकवल्यावर हे काम त्यांच्याकडे आलं होतं: नव्या शिक्षकांचे तास बघायचे आणि मग चहा घेताना त्यांच्याशी बोलायचं. त्या शेरा लिहीत नसत. कागदावर वर्गाचा नकाशा काढत. ज्या मुलाला प्रश्न विचारला, त्याच्या चौकोनात एक टिंब.

गणिताची नवी शिक्षिका पहिला नकाशा बघून रडवेली झाली. खिडकीकडची अख्खी रांग कोरी.

"बाई, मला ही मुलं दिसतच नाहीत का हो?"

"दिसतात गं, पण तू विचारत नाहीस. उद्या तिकडूनच सुरुवात कर. आणि हा कागद तुझ्यामाझ्यातच."

तिसऱ्या भेटीत खिडकीकडे अकरा टिंबं पडली. बाईंनीच तिला चहा पाजला.

आणि नेमका तो पहिला कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर! तिला कामावरून काढायच्या पत्राला टाचलेला.

"सर, हा माझ्या कपाटातला कागद."

"कपाट शाळेचं आहे, बाई."

"मग बाकीचे दोन कुठायत?"

"ते कशाला? तिला शिकवता येत नाही, हे तुम्हीच दाखवलंत की."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकायला दिलेला कागद गळा कापायला वापरायचा?

शनिवारी शिक्षकांच्या बैठकीत हे पत्र वाचलं जाणार होतं. बाई सवयीने मागे बसल्या. सर सव्वा तास बोलले. मग म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय? नाही ना? तर आता एक पत्र..."

बाई उठल्या आणि एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. बावीस चौकोन, सगळे कोरे.

"सव्वा तासात तुम्ही एकालाही काही विचारलं नाहीत, सर. पहिल्या कागदावरून तिला काढायचं, तर तुमचाही हा पहिलाच आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हा उद्धटपणा आहे!"

"असेल. पण मी हा कागद कशालाही टाचणार नाही. चहा घेताना बोलू."

पत्र वाचलं गेलं नाही, पुढे फाडलंही गेलं. माफी मात्र कुणी मागितली नाही. बाईंनी कपाटाला स्वतःचं कुलूप आणलं.

सोमवारी त्या दुसऱ्या एका वर्गात मागे बसल्या. शिकवणारा मुलांकडे कमी आणि बाईंच्या हातातल्या कागदाकडेच जास्त बघत होता. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हे नुकसान कोण भरून देणार होतं?