विहिरीतल्या उपग्रहाचा तिसरा साक्षीदार

छापलेल्या बातम्या रद्दीत जातात, न छापलेल्या मात्र डोक्यात साचत राहतात. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, दोन वर्षं पाऊस नव्हता, आणि मी एका चारपानी दैनिकात उपसंपादक होतो. साठा तेव्हापासूनचा!

आमचे संपादक बसप्पाअण्णा. धान्याची आडत सोडून वर्तमानपत्र काढलेला माणूस! बातमी आभाळातली असेल तर साक्षीदार तीन, तेही तीन घरचे, हा त्यांचा नियम. "जमिनीवरचं खोटं दुसऱ्या दिवशी कळतंय. आभाळात कोण जाऊन बघणार?"

* * *

आपला माणूस अंतराळात गेला, त्या दिवशी मी हौसेनं मथळा दिला, 'अंतराळवीराने पाहिले लातूर!'

अण्णांनी चष्मा वर केला. "त्यानं तुला सांगितलं का?"

"नाही, पण यान वरून गेलंच असेल की."

"मग नुसतं 'असेल' छाप!"

* * *

माहूरहून एकानं चंद्रावरचा दगड पाठवला, डोंगरावर पडलेला म्हणून. अण्णांनी तो नाकाशी धरला.

"चंद्रावर बी नारळ फोडत्यात का रे?"

खरंच, दगडाला खोबऱ्याचा वास येत होता!

* * *

भोकरकडचे आमचे वार्ताहर मारोती गुरुजी. नांदेडहून परतताना त्यांना विष्णुपुरीच्या धरणावर उडती तबकडी दिसली. चौकशी केली, तर इंजिनिअरिंगच्या पोरांनी सोडलेला कागदी कंदील!

"गुरुजी, आता एक जरी बातमी खोटी निघाली, तर ओळखपत्र परत द्यायचं," अण्णा म्हणाले.

गुरुजींचा चेहरा उतरला. पगार शाळा देत होती, पण गावातला मान त्या कार्डाचा होता. मला त्यांची फार दया आली.

* * *

पुढच्याच महिन्यात एक परदेशी उपग्रह कोसळला. टेलिप्रिंटरवर आलं, 'सर्व तुकडे समुद्रात.' आम्ही तसंच छापलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा ट्रंककॉल आला. मीही रिसीव्हरला कान लावला.

"अण्णा, एक तुकडा आमच्या शिवारात पडला हाय. कोरड्या विहिरीत."

"कोणी पाहिलं?"

"म्या. अन् शेजारच्या शेतातल्या चंद्रभागाबाईनं."

"तिसरा?"

"न्हाई. पण ऐका की. पडला तवा पाण्यात पडल्यावानी आवाज आला. अन् लई उशिरानं आला. दोन साल झालं, त्या विहिरीत थेंब न्हाई."

मी हसायला गेलो, पण हसू येईना.

"ओळखपत्र काढून ठेवा. मी येतोय," अण्णा म्हणाले आणि एस.टी.नं एकटेच गेले.

* * *

ते तिसऱ्या दिवशी दुपारी परतले. गुरुजींना कमी केल्याचं पत्र मी टाइप करून टेबलावर ठेवलं होतं, फक्त सही बाकी होती. अण्णांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. त्या वर्षी तसा ओला काळा चिखल आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता.

"सापडला तुकडा?"

"न्हाई. पोहरा सोडला, भरून आला. वाकून बघितलं तर पाण्यात चांदण्या."

"किती वाजता?"

"बाराला. भर उन्हात."

त्यांनी टेबलावरचं पत्र वाचलं.

"तिसरा साक्षीदार मी," मग म्हणाले. "त्या दिवशी आपण काय छापलं होतं रे?"

"सर्व तुकडे समुद्रात."

अण्णांनी खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं आणि त्या पत्रावर ठेवलं.