सोमवारची शुगर

मंठाळ सोडून तास होऊन गेला होता. बसवकल्याणचा रस्ता तापायला लागला होता आणि चन्नव्वाअक्का माझ्या दहा पावलं पुढं, ताठ मानेनं चालत होती. डांबरावर मला एक लाल ठिपका दिसला. थोडं पुढं दुसरा. तिसऱ्याला मी ओरडलेच, "अक्का, थांब! रक्त यायलंय!"

"कुणाला?" तिनं विचारलं.

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं.

लिंबाखाली बसवून तिची चप्पल काढली. बाभळीचा काटा रबर फोडून टाचेत गेला होता. मी तो उपसला, तरी ती निवांत उमरग्याची बस जाताना बघत होती.

"दुखंना का तुला?"

"देवाला जाताना काटा बी फुलावानी लागतंय, भागू."

"फुलावानी न्हाई, लागतच न्हाई तुला! शुगरनं पाय मेलाय तुझा."

"कुठली शुगर? गेल्या महिन्यात एकशे अठरा. तूच वाचलीस न्हवं?"

वाचली होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी बसवकल्याणला चालत जातो, दर्शन घेतो, मग दवाखान्यात ती बोट टोचून घेते. मी अंगणवाडीत काम करते, म्हणून कागद वाचणं माझ्याकडं. दर वेळी डॉक्टर 'बरी आहे' म्हणतात आणि मी देवाचे आभार मानते.

अक्का साठीची. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं गावच्या मठात सोमवारी रात्रीच्या दासोहाची, म्हणजे प्रसादाच्या जेवणाची, हुग्गी तीच करते, गहू-गुळाची खीर, दोनशे पानांची. गुळाची ढेप नुसती हुंगून परत पाठवते, किराणावाला वीरण्णा तिला टरकून असतो. देवाचं अन्न बसून ढवळायचं नाही हा तिचा नेम, म्हणून तीन तास कढईपाशी उभी. आणि गावाची रीत अशी, की सगळे जेवून उठले की तळाची घट्ट हुग्गी रांधणारीची.

टाचेला पदराची चिंधी बांधता बांधता मी विचारलं, "खातीस काय तू रोज? खरं सांग."

"चहात साखर बंद. नेत्रावतीनं कलबुर्गीहून गोडाच्या गोळ्या पाठवल्यात, त्या टाकते."

नेत्रावती तिची लेक.

"आन् हुग्गी?"

"चहातली साखर वाचली की तेवढी. आन् गूळ म्हंजे काय साखर व्हय? हे बघ, लाडू बी बिनसाखरेचेच आणते."

पिशवीतून तिनं पुडा काढला. वर मोठ्या अक्षरात 'साखरमुक्त'. मागं बारीक कन्नड. माझी शाळा मराठी, कन्नड मी बोलते पण वाचताना अक्षर अक्षर जोडते. जोडलं. पहिलाच शब्द निघाला, बेल्ल.

"बेल्ल म्हंजे काय, अक्का?" मी मुद्दाम तिलाच विचारलं.

"गूळच की."

"रक्तात गेल्यावर गूळ काय आन् साखर काय! गोळीनं चहा सुधारला, कढई न्हाई सुधारली!" पुडा मी रस्त्यापलीकडं भिरकावला. असलं छापणाऱ्याचं तळपट होवो, असं मनात आलं. सोमवारी असं मनात आणू नये, पण आलं.

"मग एकशे अठरा कशी आली गं?" मी दरडावलं.

अक्का खाली बघत म्हणाली, "शनवारपासून गोड बंद. कारल्याचा रस. ऐतवारी रातच्याला उपास. पावणे यायच्या आधी घर सारवतो का न्हाई? तसं डॉक्टरकडं स्वच्छ होऊन जावं म्हणलं."

म्हणजे सारवलेलं घर मोजून आम्ही खूश होत होतो. तीन महिन्यांची सरासरी कळणारी तपासणी डॉक्टरांनी दोनदा लिहून दिली होती. "मागचं कशाला उकरायचं?" म्हणून तिनं कागद घडी करून ठेवलेला.

"पाय कापला तर कढईपाशी कशावर उभी राहशील?"

मग तीही भडकली. "बावीस वर्षं समदे म्हणायलेत, घे अक्का, परसाद हाय! एकानं तरी हात धरला का? तू धरलास?"

धरला नव्हता. उलट तळ खरवडून तिच्या वाटीत कितीदा मीच घातलं होतं. देवानं मला वाचता येणारे डोळे दिले आणि मी त्यांनी फक्त आकडा वाचला. राग लाडूवाल्यावर काढणं सोपं होतं.

टाचेची चिंधी लाल झाली. हात करून मी ऑटो थांबवला, तशी ती मुकाट चढली. देवाला चालतच जाणारी अक्का ऑटोत बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

"ती तीन महिन्याची तपासणी करायला सांग," ती म्हणाली. "आन् आज स्टूल टाकून ढवळीन. देव समजून घेईल."

"घेईल की."

मग तिनं माझं मनगट धरलं.

"भागू, एक कर. आज तळाची हुग्गी तू खा. माझ्या म्होरं बसून खा. मी मागीन, शिव्या देईन, रडीन बी. पर दिऊ नको."