दोर कापणारा माणूस

रिठदला भाचीच्या लग्नात ऐन दुपारी वावटळ आली. मांडवाचं कापड फुगलं आणि मधला खांब उखडू लागला. खाली बाया जेवत होत्या. आम्ही चौघांनी दोर घट्ट ओढून धरले.

पंगतीत वरण वाढणारा एक अनोळखी माणूस ओरडला, "धरू नका! शिडात वारा भरला का डोलकाठीच मोडते. सोडा!"

कोणी ऐकेना. त्यानं भाजीचा विळा उचलून दोरच कापले. कापड फडफडत शेतात गेलं. खांब जागीच राहिला.

मांडववाला त्याच्या अंगावर धावला. वाढणारा म्हणाला, "गलबतावर खलाशी होतो मी. तवा एका वादळात दोर कापाले उशीर केला, डोलकाठी मोडली. माहा भाऊ गेला."

मांडववाला कापड आणायला शेताकडे वळला. वाढणारा वरणाची बादली उचलून उन्हात बसलेल्या बायांना पुन्हा वाढू लागला.