फिंतासची सगळ्यात कुरूप इमारत

ऑफिसात पाऊल ठेवल्याबरोबर बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे आपली खुर्ची फिरवली. खिडकीलगतची, समुद्राचा निळा तुकडा दिसणारी जागा! तिच्यासाठी आमच्यातले दोन इंजिनीअर वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आणि मेक्सिकोहून आलेल्या या आर्किटेक्ट बाई तिथे खिडकीकडे पाठ करून बसल्या. कारण समुद्राच्या अलीकडे सोनेरी काचेची एक नवी बँक उभी होती. "ती दिसली की माझं जेवण पचत नाही," बाई म्हणाल्या. त्या बँकेचे नकाशे आमच्याच ऑफिसात निघाले होते. कुणीतरी हे त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. "माहीत आहे," बाई म्हणाल्या, "म्हणून तर हळू बोलतेय."

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि कुवेतमध्ये ज्याच्या हाती पैसा येई तो इमारत उठवत होता. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. आम्ही तिघे मराठी ड्राफ्ट्समन आपसांत त्यांना 'छीथूबाई' म्हणत असू, आणि ती पदवी त्या रोज नव्यानं कमावत. साइटवर जाताना गाडीत त्यांचं समालोचन चाले. "हा बंगला नाही, उन्हात विसरलेला केक आहे." "या माणसाला विहीर बांधायला सांगा, आत झुंबर टांगेल." शहराबाहेर अम्गराला भंगाराचे ढीग होते, त्यांच्याकडे मात्र त्या मायेनं बघत. "हे निदान खोटं बोलत नाहीत." माझ्या एका रेषेला त्या एकदा "वाईट नाही" म्हणाल्या. अख्ख्या ऑफिसात इतकी स्तुती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नव्हती; मी घरी जाताना जिलेबी घेऊन गेलो.

या तुच्छतेचा पाया कॉलेजात घातला गेला होता. वर्गात या एकट्याच मुलगी. प्राध्यापकांनी मुलांना पूल दिले, स्टेशनं दिली, आणि यांना म्हणाले, तू आपलं स्वयंपाकघर काढ. यांनी काढलं, दार एवढं अरुंद, की प्राध्यापकांचं पोट आत गेलं नसतं. "नापास केलं मला," बाई अभिमानानं सांगत, "पण पुढे ते कुठल्याही दारातून अंग चोरूनच जायचे."

आमच्या बड्या साहेबाला सगळे मुदीर म्हणत. अत्तरात बुडवून काढलेला हा गृहस्थ बाईंना टरकून असे. त्यानं सूड म्हणून त्यांना ऑफिसातलं सगळ्यात फडतूस काम दिलं: फिंतासला नर्सेससाठी क्वार्टर्स. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि नर्सेस तेव्हा राहत होत्या तिथे, मंगफला, मला दुभाष्या म्हणून नेलं.

"विचार त्यांना, काय हवंय."

चिपळूणच्या शिंदे सिस्टर पुढे झाल्या. "आम्हाला कोण विचारतंय हो? विचारताय तर सांगते. कपडे पंख्याखाली वाळत घालतो आम्ही, आंबट वास येतो. गच्चीवर गेलं की समोरच्या बिल्डिंगीतले बाप्ये चहा घेऊन खिडकीत! जसा काय नाटकाचा पडदाच वर गेला. ड्युटीवरून आल्यावर जरा केस सोडून आभाळाखाली बसावं, एवढीसुद्धा सोय नाही."

मी भाषांतर केलं. बाई गच्चीवर जाऊन समोरच्या खिडक्या मोजून आल्या.

नकाशात त्यांनी गच्चीभोवती भिंत घातली. उंच माणसाच्या डोक्यावर आणखी हातभर जाईल अशी, आणि वर नुसतं आकाश. त्यांच्या गावी अशाच गच्च्या असत म्हणे. कुवेतच्या जुन्या घरांनाही होत्या, पण त्या पाडून तिथे केक उभे राहिले होते.

मुदीर खवळला. "हा तुरुंग आहे! भिंत कमरेएवढी करा. आणि पुढून कमानी कुठायत?"

महिनाभर रोज भांडण. शेवटी त्यानं ते काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. तेव्हा बाई उठून त्याच्या केबिनमध्ये गेल्या. मी नकाशांची गुंडाळी धरून मागे.

"कमानी किती हव्यात?"

मुदीर चपापला. "पुढून... सगळीकडे."

"सोनेरी?"

"सोनेरी चालतील," त्याचे डोळे लकाकले.

"दारात कारंजं? सिंहाच्या तोंडाचं?"

"मॅडम, माशाल्ला!"

"सगळं काढून देते. गच्चीची भिंत माझी. एक ब्लॉकसुद्धा कमी नाही."

"कबूल. पण पाटीवर तुमचं नाव. मालकाला परदेशी आर्किटेक्टचं नाव हवंय."

बाईंचा चेहरा उतरला. जन्मभर ज्याला नाकं मुरडली त्याच्याखाली सही! मला वाटलं, आता गुंडाळी मुदीरच्या डोक्यात. बाई म्हणाल्या, "मोठ्या अक्षरांत लिहा."

इमारत इतकी भयाण झाली की लोक मुद्दाम गाडी थांबवून बघत. ज्यांचे केक बाईंनी नासवले होते ते सगळे येऊन हसून गेले. लंडनच्या एका मोठ्या ऑफिसातले साहेब बाईंना नोकरी द्यायला आले होते. त्यांनी पाटी वाचली आणि नोकरीचा विषयच काढला नाही. "त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं," बाई म्हणाल्या. नर्सेस राहायला येण्याआधीच बाईंचा करार संपला. विमानतळावर मी डोळे पुसायला लागलो तर म्हणाल्या, "आधी या छताकडे बघ, मग रड."

पुढे काही वर्षांनी एका परदेशी मासिकात त्यांचा फोटो आला. मेक्सिकोत त्यांनी घरं बांधली, शाळा बांधल्या, विद्यार्थी त्यांना चळाचळा कापतात वगैरे. कामांची मोठी जंत्री. कुवेतचं नाव नाही.

मासिक घेऊन मी फिंतासला गेलो. शिंदे सिस्टर दारातच भेटल्या. त्यांनी पान नीट न्याहाळलं. "बाई वाळल्या हो. आणि आमची बिल्डिंग कुठाय यात?"

"नाही."

"का म्हणून?"

मी कमानींकडे बोट दाखवलं. सिस्टर खळखळून हसल्या. तेवढ्यात वर, पार गच्चीवर, आणखी बायका हसल्या. बादली आपटली, कुणीतरी कुणाला तरी पकडायला धावलं. त्या भिंतीची रेघ न् रेघ मी काढलेली. खालून दिसत होती ती फक्त भिंत.

"वर काय चाललंय?" मी विचारलं.

"तुम्हाला हो कशाला नसत्या चौकश्या?" सिस्टर म्हणाल्या आणि मासिक काखेत मारून वर निघून गेल्या.